बस सोडून बाकीचं सांगा

स्टॉपवॉच मोबाइलमधलंच होतं, पण ट्रेनर मॅडमनी मोबाइल टेबलावर असा उभा करून ठेवला होता की बोलणाऱ्याला आकडे पळताना दिसावेत. तीन मिनिटं. तीन मिनिटांत आपली गोष्ट, आपली अडचण आणि आपली मागणी. पणजीतल्या एका हॉटेलचा हॉल, एसी इतका गार की अर्ध्या बायकांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेले. प्रत्येकासमोर फोल्डर, पेन आणि पाण्याची ती अगदी दोन घोटांची बाटली. आम्ही वीस-बावीस जण असू, कुणी स्वतः पेशंट, कुणी पेशंटची बायको, कुणी मुलगा, कुणी बहीण. ज्यांनी कॅन्सर भोगलाय त्यांनीच आता कॅन्सरच्या सरकारी धोरणाबद्दल बोलायला शिकायचं, आमदारांशी कसं बोलायचं, अधिकाऱ्यांना काय लिहून द्यायचं, पत्रकाराला काय सांगायचं, असं ते शनिवार-रविवारचं शिबिर. सत्तरी तालुक्यातल्या एक वयनी, म्हणजे वहिनी, उभ्या राहिल्या. "हांव पांचांक उठतां," इथून त्यांनी सुरुवात केली. मग पहिली बस. ती चुकली तर पुढची थेट जात नाही, मध्ये उतरून बदलायची, बदलताना बसायला जागा मिळेल याची खात्री नाही, उलटी आली तर पिशवी हातातच धरलेली, आणि पोचेपर्यंत केसपेपरची लाइन कुठल्या कुठे गेलेली. दीड मिनिट झालं तरी वयनी अजून बसमध्येच. मॅडमनी हात वर केला, प्रेमानेच हां, आणि म्हणाल्या, "ताई, बस सोडून बाकीचं सांगा. निदान झालं तेव्हा काय वाटलं तिथून सुरू करा, ऐकणाऱ्याचं मन तिथे हलतं." वयनी थांबल्या. स्टॉपवॉचकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"बाकीचें म्हळ्यार कितें?" बाकीचं म्हणजे काय?

सगळे हसले, मीही हसले, वयनीसुद्धा हसल्या. पण त्या दिवशी फोंड्याला परत येताना बाणस्तारीच्या पुलावरून गाडी जात होती आणि मला कळत होतं की ही गोष्ट आता काही दिवस पिच्छा सोडणार नाही.

ज्यांच्या घरात केमो झालीय त्यांना केमोचा दिवस समजावून सांगायला नको. आधी रक्त द्यायचं. मग रिपोर्टची वाट. त्या वेळात माणूस जे काही करतो ते सगळं मी केलंय, भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या, समोरच्या बाईच्या साडीवरची कुयरी मनात काढून बघितली, शेजारच्याच्या डब्यातल्या पोळी-भाजीचा वास आला की तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं, कारण त्या दिवसांत तोंडात कायम नाणं धरल्यासारखी चव. मग डॉक्टर. पांढऱ्या पेशी, त्यातले न्यूट्रोफिल्स, पुरेसे असले तर औषधाची चिठ्ठी मिळते, खुर्ची मिळते, ड्रिप लागते. आणि साधारण दीड हजाराच्या खाली असले तर बहुतेक वेळा केमो पुढे ढकलतात, पेशी वाढवायची इंजेक्शनं लिहून देतात आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगतात. यात कुणाची चूक नसते, उलट त्या अवस्थेत केमो दिली तर साधा ताप जिवावर बेतू शकतो. मला असं परत पाठवलं की नवरा स्कूटर काढायचा, वाटेत त्याला भूक लागायची, मला बाहेरचं खायला बंदी म्हणून मी बाकड्यावर बसून त्याला मिरची-भजी खाताना बघायची आणि तासाभरात आम्ही घरी. मला तर आतून थोडी सुटीच वाटायची, खोटं कशाला बोलू. वयनींचं तसं नाही. पाचला उठून, बसमध्ये पिशवी धरून, लाइन लावून, दुपारी कळणार की आज नाही. मग परतीची बस. सोबत आलेल्या नवऱ्याचा रोज बुडालेला. घरी पोचेपर्यंत दिवेलागण. औषधाचा थेंब अंगात गेलेला नाही आणि दिवस मात्र गेला तो गेलाच.

आता बघा, तेच रक्त आदल्या दिवशी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात काढलं, रिपोर्ट फोनवर डॉक्टरांपर्यंत गेला, तर सकाळी पाचला उठायचं की नाही ते आदल्या संध्याकाळीच कळेल. एवढी साधी गोष्ट. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची ती तपासणी, ही काही परदेशातून मागवायची टेस्ट नाही. म्हणजे वयनी बसबद्दल बोलत होत्या तेव्हा त्या तक्रारही करत होत्या आणि उपायही सांगत होत्या, फक्त आम्हाला दोन्ही ऐकू आलं नाही कारण आम्ही सगळे निदानाच्या क्षणाची, रडण्याची, केस गळण्याची वाट बघत बसलेलो.

आणि प्रवास हा उपचाराचाच भाग आहे हे सरकारला माहीत नाही असंही नाही. परळच्या टाटाला गेलेल्या कुठल्याही गोवेकराला विचारा. रेल्वेचा तो फॉर्म, त्यावर इस्पितळाचा सही-शिक्का, तो घेऊन खिडकीवर गेलं की कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. मी कोकणकन्याने गेलेय त्या सवलतीवर. पहाटे दादरला उतरायचं, प्लॅटफॉर्मवरच्या चहाच्या वासाने मळमळायचं, टॅक्सीवाल्याला "टाटा" एवढंच म्हटलं की तो वळूनसुद्धा बघत नाही, गाडी सुरू करतो. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, कधीतरी लिहिलं की कॅन्सरच्या माणसाचं तिकीट माफ करा आणि त्याच्या सोबत येणाऱ्यालाही सूट द्या. ज्याने तो "सोबतचा माणूस" लिहिला त्याला माझा नमस्कार. ट्रेनची गोष्ट कुणीतरी ऐकली होती की नाही? मग बसची का नको?

गोव्यात तर लोक हसतात अंतराचं नाव काढलं की. सगळं राज्य मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर, दिल्लीतला माणूस म्हणेल आमच्याकडे रोज ऑफिसला एवढं जातात. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा इस्पितळांत कॅन्सरची डे-केअर सेंटर्स काढायची घोषणा झाली, पहिल्याच वर्षी २००. शिबिरात त्या स्लाइडला टाळ्या पडल्या आणि पडायलाच हव्यात, विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तो केवढा दिलासा असेल. पण गोव्यात जिल्हा इस्पितळ म्हणजे म्हापसा आणि मडगाव. वयनींच्या गावातून म्हापसा काय नि बांबोळीचं मेडिकल कॉलेज काय, बस तीच, पहाटही तीच. दीनदयाल कार्ड आहे त्यांच्याकडे, २०१६ पासूनची गोवा सरकारची ती आरोग्यविमा योजना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाखांपर्यंत, त्या कार्डाचं त्या कौतुकच करत होत्या. पण कार्ड इस्पितळाच्या दारापासून पुढचं बघतं. दारापर्यंतचं ज्याचं त्याने.

मॅडमना मी वाईट म्हणत नाहीये. त्या मुंबईच्या, स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या, एकदा नव्हे दोनदा, आणि तरी शनिवार-रविवार आमच्यासारख्यांना शिकवायला सहा राज्यांत फिरतात. त्यांनी जे शिकवलं त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडलं. अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट त्यांनी फार रंगवून सांगितली. १९९१ मध्ये तिथल्या ब्रेस्ट कॅन्सरवाल्या बायकांच्या संघटनांनी एकत्र येऊन नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन काढली, संशोधनाला पैसे वाढवून मागायला गेल्या तर नेहमीच्या बजेटात वाढीला जागा नाही, मग या बायकांनी चक्क संरक्षण खात्याच्या बजेटातून पैसे काढले, १९९३ च्या आर्थिक वर्षासाठी २१ कोटी डॉलर. सैन्याच्या पैशातून स्तनांच्या कॅन्सरवर संशोधन! पैसा कुठल्या कपाटात आहे ते आधी शोधायचं, मग किल्ली कुणाकडे आहे ते. आणि १९९५ पासून त्यांनी 'प्रोजेक्ट लीड' म्हणून स्वतःचे वर्ग सुरू केले, पेशी कशी बिघडते, जनुकं म्हणजे काय, स्टॅटिस्टिक्स कसं वाचायचं. त्यातून तयार झालेल्या बायका शास्त्रज्ञांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि कुठल्या संशोधनाला पैसे द्यावेत यावर त्यांच्याइतकंच मत देतात. घर सांभाळणारी, दुकान चालवणारी बाई प्रोफेसरला विचारते की हे पेशंटच्या नक्की काय कामाचं. मला तर ऐकून अंगावर काटा आला.

मग आकड्यांचा तास झाला आणि मी, शाळेत गणित शिकवणारी बाई, एकदम पुढच्या रांगेत. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: नव्या औषधाने आजार परत येण्याचा धोका ५० टक्क्यांनी कमी होतो. कोण कोण घेईल हे औषध? सगळ्यांचे हात वर. मग खाली लिहिलं, १०० पैकी २ जणींना परत यायचा तो आता एकीला येतो. हे पण ५० टक्केच. हळूहळू हात खाली. मी वर्षानुवर्षं शेकडेवारी शिकवतेय, कशाचे टक्के ते आधी विचारा म्हणून पोरांच्या मागे लागतेय, आणि ऑन्कोलॉजिस्टच्या समोर बसून मात्र एकदाही विचारलं नव्हतं की डॉक्टर, कशाचे टक्के.

ग्लिवेकची गोष्टही तिथेच नीट कळली. पेपरात त्या वेळी वाचलेलं पण डोक्यात राहिलं होतं एवढंच की औषध कंपनी हरली. रक्ताच्या एका कॅन्सरवरची ती गोळी, कंपनीची घेतली तर महिन्याला लाख-सव्वा लाख आणि इथल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंट मिळालं असतं तर स्वस्तवाली बंद. तर मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने काय केलं, पेटंट कायद्याचं २५ वं कलम काढलं. त्यात पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं, दुसरी कंपनीच असायला हवी असं काही नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला, ती गोळी बनवणारी नोव्हार्टिस कोर्टात गेली, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टातही हरली. या सगळ्यात पेशंटच्या बाजूने अश्रू किती ढाळले गेले असतील ते सोडा, उपयोगी पडलं ते कुणालातरी ते कलम माहीत असणं. हे मला हवं होतं शिबिरातून. रडायचं कसं ते आम्हाला येतं हो.

जेवणाच्या सुटीत फोल्डर उलटून बघितलं तर मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एका औषध कंपनीचं नाव. पेनावरही तेच. मला धक्का बसला वगैरे काही नाही, हॉल, एसी, जेवणातली ती सुंदर सोलकढी आणि सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण, याचे पैसे कुणीतरी देणारच आणि कॅन्सरच्या लोकांसाठी सरकार देत नसेल तर कंपन्या देणार. कुणी आम्हाला "आमचंच औषध मागा" असंही सांगितलं नाही. पण दोन्ही दिवसांची उदाहरणं डोळ्यासमोर आणली तर सगळी औषधांचीच. नवं इंजेक्शन सरकारी यादीत कसं आणायचं, कस्टम ड्युटी कशी माफ होते, किमतीवर मर्यादा कशी येते. सगळं खरं, सगळं गरजेचं. २०१९ मध्ये ४२ कॅन्सर-औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा किती घरं वाचली असतील. पण औषधाच्या मागे कुणीतरी उभं असतं. विकणारा असतो, त्याला शिबिर भरवणं परवडतं. आदल्या दिवशीच्या सीबीसीच्या मागे कोण उभं राहणार? पहिल्या बसचा बॅनर कोण लावणार? मॅडमनी वयनींना थांबवलं ते मुद्दाम नाही थांबवलं. त्यांनी ज्या दहा-बारा आदर्श गोष्टी ऐकल्या असतील त्यात बस नव्हतीच कधी, मग ती भरताड वाटणारच.

रविवारी रोल-प्ले झाला. एकाने आमदार व्हायचं, बाकीच्यांनी शिष्टमंडळ. म्हापशाकडचे एक रिटायर्ड काका आमदार झाले आणि काय सांगू, इतके बेमालूम की आम्हाला खरंच निवडणूक जवळ आल्यासारखं वाटायला लागलं. मोबाइलवर बोलता बोलता निवेदन हातात घेतलं, न वाचता पीएकडे दिलं (पीए म्हणजे शेजारची रिकामी खुर्ची), आमच्यातल्या एकीला "आवय कशी आसा?" म्हणून आईची चौकशी केली, आणि म्हणाले, "चिंता करूं नाकात, हांव फोन करतां. पेशंटाचें नांव कितें?"

हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. मुंबईहून आलेल्या मॅडमना मात्र यातलं विनोदी काय ते कळेना. त्यांना वाटलं आमदार चांगला वागला, मदत करतोय.

हे गोव्याबाहेरच्याला कळणं कठीणच. आमच्याकडे चाळीस मतदारसंघ, एकेकात जेमतेम पंचवीस-तीस हजार मतं. आमदार आपल्या सत्यनारायणाला येऊन प्रसाद खाऊन जातो, आजोबा गेले तर दहाव्याला हजर असतो. त्यामुळे धोरणासाठी आमदारापर्यंत पोचायचं कसं हे आम्हाला शिकवायची गरजच नाही, त्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह असतो. आमची भानगड उलटी आहे. आपण गाऱ्हाणं घेऊन जातो, तो पेशंटचं नाव विचारतो, फोन करतो, आपलं काम होतं. आपण खूश, तोही खूश. आणि ज्या लाइनमधून आपल्याला अलगद उचललं ती लाइन तशीच राहते, उलट आपण मध्ये घुसल्याने इंचभर लांब होते. माझ्या ऑपरेशनच्या तारखेसाठी माझ्या दिराने असाच फोन करवला होता. तारीख अलीकडे आली. परत वेळ आली तर परत करवेन, यात मला काही लपवायचं नाही, गाठ अंगात असताना कुणाला तत्त्वं सुचत नाहीत. पण बरं होऊन पुढे पर्वरीला विधानसभेत हा प्रश्न तारांकित म्हणून कुणीतरी विचारावा यासाठी मी काय केलं? तोंड उघडायचं कारणच उरलं नव्हतं, कारण माझं झालं होतं. वयनींना असा फोन करायला कुणी नाही म्हणून त्यांच्या बसची गोष्ट अजून ताजी आहे.

आणि हेही खरं की याच चिमुकल्या राज्याने एकदा केंद्राच्याही आधी पाऊल टाकलेलं आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा गोव्याचा कायदा १९९७ चा, केंद्राचा तंबाखू कायदा आला २००३ मध्ये. त्याच्यामागे डॉ. शरद वैद्यांची चिकाटी, सर्जन माणूस, तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर कापून कापून बहुधा त्यांना वाटलं असावं की हे टेबल चुकीचं आहे, पर्वरीचं टेबल गाठायला हवं. गुटख्यावर बंदी इथे २००५ मध्ये आली. बाकीच्या राज्यांत ती लाट यायला २०१२ उजाडलं, आधी मध्य प्रदेश, मग एकेक करत महाराष्ट्रासकट कितीतरी. त्या लाटेत टाटाच्या डॉक्टर पंकज चतुर्वेदींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी गोष्ट केली होती, 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' म्हणून. जबडा गेलेले, गाल गेलेले पेशंटच मंत्र्यांसमोर, आमदारांसमोर नेऊन उभे केले. स्लाइड नाही, फोल्डर नाही. माणूस.

आमच्या शिबिरात मडगावकडचे एक होते तसे. पन्नाशीचे, जीभ अर्धी काढलेली, मांडीची कातडी घेऊन शिवलेली, बोलताना सतत रुमाल हनुवटीपाशी. त्यांची पाळी आली, स्टॉपवॉच सुरू झालं, आणि पहिलं वाक्य पुरं व्हायलाच केवढा वेळ गेला. शब्द यायचा, अडकायचा, ते गिळायचे, रुमाल लावायचे, परत सुरू करायचे. आम्ही सगळे पुढे झुकून कान देऊन बसलेलो. तीन मिनिटं संपली, मोबाइल कुईकुई वाजायला लागला. मॅडम उठल्या, मोबाइल पालथा घातला आणि काही न बोलता परत जागेवर जाऊन बसल्या. तिथे मला त्या फार आवडल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "गाड्यार अजून मेळटा." गाड्यावर अजून मिळतं. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही एकाच दोरीला, हातावर एकत्र करायचं नि तोंडात टाकायचं. बंदी आहेच की, पुडीवर गुटखा कुठे लिहिलंय! रोज सकाळी त्यांच्याच घरासमोरच्या गाड्यावर शाळेतली पोरं उभी असतात, हे त्यांना खिडकीतून दिसतं. कायदा १९९७ चा असो की २००५ चा, तो त्या दोरीपर्यंत पोचायला कुणाची तरी रोजची ड्यूटी लागते. ही गोष्टही तशी बसच्याच जातीची. कुठलंही संशोधन नको, शोध नको, शेवटच्या दोन पावलांचं काम आणि तेच कुणी करत नाही.

शेवटच्या चहाला मी मॅडमपाशी गेले आणि आदल्या दिवशीच्या सीबीसीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, वहीत लिहूनही घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे, पण हा लोकल इश्यू झाला, पॉलिसी नाही." मी तेव्हा मान हलवली. आता विचार करते तर पटत नाही. रक्त कुठे काढायचं, रिपोर्ट कुणाला पाठवायचा, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट चालेल का, किती तासांपूर्वीचा चालेल, हे कुठेतरी एका कागदावर लिहिलं गेलं आणि खाली सही झाली की तेच धोरण. दिल्लीत लिहिलेलं तेवढंच धोरण आणि तालुक्यात लिहिलेलं ते लोकल, हे कुणी ठरवलं? केरळात कॅन्सरच्या वेदना शमवणारी मॉर्फिनची गोळी गावागावांत पोचली ती आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्या गल्लीतल्या दुखण्यात लक्ष घातल्याने, राज्याचं पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना कमी करण्याच्या उपचारांचं, धोरण त्याच्या कितीतरी नंतर, २००८ मध्ये. (मॅडमनी हे उदाहरण स्वतःच दिलं होतं शनिवारी, तेव्हा ते लोकल नव्हतं!)

असो. भांडायला ताकद लागते आणि मी सध्या ती पत्र लिहिण्यात घातली. वयनी, मी आणि ते म्हापशाचे काका, आम्ही तिघांनी मिळून एक पान तयार केलं. वयनी सांगायच्या, मी लिहायची, काका खोडायचे. काका आयुष्यभर सरकारी कचेरीत, त्यांना माहीत की पहिल्या परिच्छेदात मागणी नसेल तर दुसरा कुणी वाचत नाही. त्यांनी माझी विशेषणं निर्दयपणे उडवली. "'अत्यंत हालअपेष्टा' काढ. किती वाजता निघते आणि किती वाजता पोचते ते लिही." म्हणजे बस राहिली, माझं मराठी गेलं. वयनींना पत्र वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आनी नवऱ्याचो रोज?" तेही घातलं.

उत्तर आलं. उशिरा आलं पण आलं. सूचना स्वागतार्ह आहे आणि अशा रुग्णांची अंदाजे संख्या कळवावी, असं दोन ओळींचं. काकांना ते टोलवणं वाटलं, चिडले. मला नाही तसं वाटत. मी पण अधिकारी असते तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं, किती जणांचं होतंय असं? शंभरापैकी दोघांचं की चाळिसांचं? कशाचे टक्के? आणि आमच्याकडे आकडा नव्हता, एक वयनी होत्या फक्त.

मग आता वही केलीय. नाव लिहीत नाही कुणाचं, तालुका लिहितो. घरून किती वाजता निघालात, बसने की स्वतःच्या गाडीने, रक्त दिलं का, केमो झाली की परत पाठवलं, सोबत कोण होतं, त्याचा कामाचा दिवस बुडाला का. एवढेच रकाने. वयनींची ट्रीटमेंट अजून चालू आहे, त्या इस्पितळात बसलेल्याच असतात, त्यामुळे वही त्यांच्याकडे. त्यांना लिहायचा कंटाळा, पण माणसं त्यांच्याशी बोलतात, माझ्याशी तेवढी नाही बोलणार, मी चश्मा लावून पेन घेऊन गेले की सगळ्यांना वाटतं कसला तरी फॉर्म भरायचाय. रात्री त्या मला फोनवर वाचून दाखवतात, मी कॉम्प्युटरवर घालते. मधूनच एखाद्या रकान्यात न बसणारं काहीतरी सांगतात, कुणाची म्हैस व्याली म्हणून ती बाई आलीच नाही, कुणाच्या मुलाने आईला सांगितलंच नाहीये की हा कॅन्सर आहे. त्यासाठी मी शेवटी 'इतर' असा एक रकाना वाढवला आणि आता तोच सगळ्यात भरलेला आहे.

डिचोली, पेडणे, धारबांदोडा, सांगे असं होत होत बरंच जमलंय. काणकोणचं मात्र एकही नाही. तिथून येणारी माणसं बहुतेक वेगळ्या दिवशी येतात, की तिकडून लोक थेट कारवारला जातात, मला अंदाज नाही. काणकोणचं कुणी हे वाचत असेल, किंवा तिकडे ओळखीत कुणाची केमो चालू असेल, तर कृपया मला कळवा. दोन मिनिटांचं काम आहे. बसची वेळ आठवून सांगितली तर फार बरं.